बाबूजींचं सोंग

शूटिंगवाले ढोल, उघडी जीप आणि झेंडूच्या माळा आवरून जबलपूरकडे निघून गेले, तेव्हा कुठे खऱ्यांच्या घरात घरासारखी शांतता आली. दुसऱ्या दिवशी सुलेखा उठली ती थेट दहा वाजता. आरशात पाहिलं तर डोळ्यांच्या कडांना कालचं काजळ तसंच होतं. एकतिसाव्या वर्षी माणूस एवढा थकू शकतो, हे चार महिन्यांपूर्वी तिला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

उपान्त्य फेरीच्या आधी उरलेल्या पाच स्पर्धकांना दोन दिवस घरी पाठवायचं आणि गावातून त्यांची मिरवणूक काढायची, असा टीव्हीवरच्या त्या गाण्याच्या शोचा दरवर्षीचा रिवाज. तिची दमोहमधली मिरवणूक काल झाली होती. आजचा दिवस कोणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून तो तिचा होता.

अम्मा अंगणात शेगडीवर वांगी भाजत होती. बाजूला निखाऱ्यांवर भाजायच्या जाड गकरियांसाठी कणीक मळून ठेवलेली. बाबूजी घरभर फिरून एकेक खिडकी लावत होते.

"एवढ्या उकाड्यात खिडक्या कसल्या लावताय?" अम्मा बाहेरून ओरडली.

"पेटी काढतोय."

"काढा की. कळू दे एकदाचं कॉलनीला."

"उपान्त्य फेरी होऊ दे. मग गच्चीवर बसून गातो. तेव्हा तूच म्हणशील, खिडक्या लावा."

दिवाणातल्या रजयांखालून त्यांनी हार्मोनियम वर काढली. सुलेखा चौदा वर्षांची असताना बाबूजींनी ही पेटी रागाच्या भरात अंगणात भिरकावली होती आणि तिचे तुकडे झाले होते, असं सगळा हिंदुस्थान टीव्हीवर ऐकून बसला होता. भाता मात्र ठणठणीत होता. गेल्याच महिन्यात बाबूजींनी स्वतः त्याला चिकटपट्टी लावली होती.

पेटी फोडल्याची ही गोष्ट त्यांनीच रचलेली. सुलेखा याआधी दोनदा निवडचाचणीला गेली आणि दोन्ही वेळा परत आली होती. दुसऱ्या वेळी तिथल्या एका मुलीनं आपुलकीनं सांगितलं होतं, "दीदी, आवाज सुंदर आहे तुमचा. पण तुमची काही गोष्टच नाही." वीज मंडळात कारकुनी केलेला बाप, जिथे बदली होईल तिथे मुलीला पहाटे उठवून सा लावायला बसवतो, यात कोणाला रडू येणार? बाबूजी तो शो पहिल्या वर्षापासून न चुकता पाहात आले होते. कोणाचा बाप हातगाडी ओढतो, कोणाची आई अंथरुणाला खिळली आहे, आणि पडद्यावर ते सगळं दाखवल्यावर परीक्षक कसे विरघळतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. तिसऱ्या वेळी शोसाठी स्पर्धकांच्या गोष्टी लिहिणारा निमिष नावाचा तरुण घरी आला, तेव्हा चहाचा कप त्याच्या हातात देत बाबूजीच म्हणाले, "लिहून घ्या. बापाचा विरोध होता. गाऊ द्यायचा नाही."

"बाबूजी!" सुलेखा म्हणाली होती.

"तू गप्प बस. तुला गाता येतं, टीव्ही मला कळतो."

पुढे त्यांनी मंचावर जाऊन हजार माणसांसमोर मुलीची माफी मागितली, आणि इतकी चांगली मागितली की एका परीक्षकानं खाली उतरून त्यांना मिठी मारली. कॉलनीत राहायला येऊन खऱ्यांना दीडच वर्ष झालं होतं. भिंतीपलीकडच्या तिवारीजींनी बाबूजींचा भीमपलास स्वतःच्या कानांनी कितीदा ऐकला होता. पण टीव्हीवर पाहिल्यापासून त्यांची खात्री झाली की तो रेडिओच असणार.

"गांधारावर मान का हलवतेस?" बाबूजींनी पेटी थांबवली.

"तिकडे हलवायला सांगतात. कॅमेऱ्यात बरं दिसतं."

"इथे मी बघतोय. मान सरळ."

तिनं मान सरळ केली. चारदा तीच जागा घेतली. पाचव्यांदा ते काही बोलले नाहीत, नुसते पुढच्या ओळीकडे वळले. त्यांच्याकडून शाबासकी मिळायची ती एवढीच.

जेवताना ते रंगात आले. "परवा पानाच्या टपरीवर तिवारीनं मला अर्धा तास उपदेश केला. मुली म्हणजे पाखरं, त्यांना अडवू नये म्हणे. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी त्यालाच माझी दया आली, पान खिलवलं त्यानं."

"तुम्हाला गंमत वाटते," अम्मा म्हणाली. "देवळात शिवहऱ्यांची सून मला विचारते, चाची, अशा माणसाबरोबर दिवस तरी कसे काढलेत?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घोरतो फार. तेवढंच सोसलं बाई."

बाबूजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सुलेखाही हसली. हसता हसता तिला वाटलं, आत्ताच म्हणावं, बाबूजी, पुरे करू हे. पण मग निमिष काय म्हणेल, मतदान, उपान्त्य फेरी... आणि वांग्याचा भरताही गरम होता. तिनं आणखी एक गकरिया घेतली.

चारच्या गाडीला बाबूजी तिला सोडायला आले. फलाटावर कॉलेजातल्या तीन-चार मुलींनी तिला ओळखलं आणि फोटोसाठी गराडा घातला. त्यातली एक बाबूजींकडे वळून म्हणाली, "अंकल, आता तरी दीदीला मोकळेपणानं गाऊ द्या हं!"

बाबूजींनी हात जोडले. "चुकलो बेटा. आता नाही अडवणार."

सुलेखानं ते ऐकलं. समोर फोन धरलेला होता, म्हणून ती हसत राहिली.

मुंबईच्या हॉटेलात पोहोचून तिनं बॅग पलंगावर टाकली, तेवढ्यात अम्माचा फोन आला. हे सकाळी दूध घेऊन आले, पिशवी माझ्या हातात दिली, खुर्चीत बसले, म्हणाले जरा पाणी दे. पाणी घेऊन येईपर्यंत... सुलेखानं पलंगावरची बॅग परत उचलली.

शोवाल्यांनी विमानाचं तिकीट काढून दिलं, जबलपूरला गाडी ठेवली. अग्नी चुलतभावानं दिला. मग सतरंजीवर बसायचे दिवस सुरू झाले. माणसं येत, बाबूजींच्या फोटोला हात जोडत, अम्माजवळ दोन मिनिटं टेकत आणि उठताना सुलेखाच्या डोक्यावर हात ठेवून तेच बोलत. बरं झालं बिटिया, जाण्याआधी त्यांना उमज पडली. बरं झालं, मनात गाठ घेऊन गेले नाहीत. शेवटी सुधारला बरं माणूस. तिवारीजी तर रोज येत. "मीच समजावलं होतं त्यांना टपरीवर," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि डोळे पुसत. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. सुलेखा मान डोलवत राही. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तर तिला त्याचाही शीण होईना; पंखा फिरतो तशी मान आपोआप हलत असे.

अकराव्या दिवशी निमिष आला. सोबत दोन कॅमेरे, दिवे, ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेतलेला एक माणूस. त्यानं आधी अम्माच्या पायांना हात लावला. वाईट मुलगा नव्हता. तोही चार महिन्यांत धड झोपलेला दिसत नव्हता.

"दीदी, तीन मिनिटांची श्रद्धांजली आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "शुक्रवारी मतदान उघडतंय. तुम्ही तेरावं करून या, सगळे थांबलेत. आज फक्त फोटोसमोर बसून एवढंच बोला, बाबूजी, मी तुम्हाला माफ केलं. बस. जास्त काही नको."

"माफ कशाबद्दल?"

निमिषनं फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "दीदी, गोष्ट त्यांनीच सांगितली होती. मी फक्त लिहिली."

"हो. त्यांनीच सांगितली होती."

अंगणात पांढरी चादर घातली, भिंतीला टेकवून फोटो ठेवला. कॉलनीतली तीस-चाळीस माणसं कुंपणाकडेनं उभी केली. मधूनमधून त्यांचेही चेहरे हवे होते. तिवारीजी सर्वांत पुढे, हातात घडी केलेला रुमाल. सुलेखा पदर नीट करायला आत गेली, तर अम्मा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली.

"तू येत नाहीस बाहेर?"

"नाही. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं म्हणून गप्प बसले," अम्मा म्हणाली. "आता सांगणारे गेले."

"मग मी काय करू, अम्मा?"

"मला काय विचारतेस? तुझा शो आहे." अम्मानं तिच्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "पण मला इथंच राहायचंय बेटा. याच माणसांत. तू मुंबईला जाशील. ही लोकं रोज दारावरून जाताना म्हणतील, ते बघ, तो मुलीला छळणारा राहायचा ते घर."

बाहेर निमिषनं हाक मारली.

ती फोटोसमोर जाऊन बसली. पदराला माईक लावला गेला. "दीदी, सावकाश," निमिष म्हणाला. "रडू आलं तर थांबू नका."

"बाबूजी," ती म्हणाली, आणि थांबली.

"छान. पुन्हा एकदा."

"बाबूजी, मी तुम्हाला..." पुढचा शब्द जिभेवर येईना. कुंपणापाशी कोणीतरी बाई हुंदका देऊ लागली. तिवारीजींनी रुमाल उघडला. ते मोठ्यानं बाजूच्या माणसाला म्हणाले, "बघा, एवढं सोसूनही पोरीच्या मनात बापाबद्दल किती माया आहे."

सुलेखानं फोटोवरची नजर काढली आणि तिवारीजींकडे वळून बसली.

"तिवारी चाचा, मी काही सोसलेलं नाही."

"दीदी, कॅमेऱ्याकडे," निमिष म्हणाला.

"माझ्या बापानं पेटी कधी फोडली नाही. त्यांनीच मला शिकवलं. तुम्ही भिंतीपलीकडून ऐकायचात तो रेडिओ नव्हता चाचा, ते बाबूजी होते."

तिवारीजींचा रुमाल तसाच अर्धा उघडा राहिला. निमिष पुढे आला, तिच्याजवळ उकिडवा बसला. "दीदी, हे दाखवता येणार नाही. वरचे लोक ऐकणार नाहीत. तुमचीही अडचण होईल, कळतंय ना?"

"माहितेय. कापून टाक. तुझ्यावर राग नाही माझा."

त्यानं कॅमेरेवाल्याला हातानं खूण केली. दिवे विझले. माईक काढायला कोणी आलं नाही. तिनं तो स्वतःच काढून चादरीवर ठेवला. दारात अम्मा येऊन उभी राहिली होती.

"पण बिटिया, मग टीव्हीवर ते स्वतःच..." तिवारीजी चाचरत म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कोण असं बोलेल?"

"मला लहानपणी गाण्याचा कंटाळा यायचा," सुलेखा म्हणाली. आवाज थोडा घोगरा लागला, तिनं तो तसाच जाऊ दिला. "टीकमगडला बदली होती तेव्हा पहाटे मी चादर ओढून झोपेचं सोंग घ्यायचे. ते रागवायचे नाहीत. उशाशी बसून एकच सूर धरून ठेवायचे, मी उठेपर्यंत. कधी अर्धा अर्धा तास. मग तसेच ऑफिसला जायचे. माझ्या बापानं मला एकदाही नाही म्हटलं नाही, चाचा. टीव्हीवर खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं, पण मी नको म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं. माझं सगळं ऐकायचे ते. त्या दिवशी स्टेशनवर एका पोरीसमोर त्यांनी हात जोडले, आणि मी शेजारी उभी राहून फोटो काढून घेत होते. मी नको म्हणाले नाही. मला जिंकायचं होतं. म्हणून मी त्यांना वाईट होऊ दिलं."