दुधाचे खाडे

करणनं निर्मलहून आईला, बयनाबाईला, नवा चष्मा आणून दिला आणि दुसऱ्याच सकाळी तिनं दूधवाल्याला धारेवर धरलं.

"हे कॅलेंडर पाह्य. एका महिन्यात एवढे खाडे? अन् तोंड वर करून येतोस."

स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या, एक डिसेंबरपासून कालच्या एकवीसपर्यंत. मधले दोनच चौकोन कोरे. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली मारायची, ही या घराची जुनी रीत.

उत्तमरावानं किटली खाली ठेवली. "माय, दूधच नोतं आलं, तं तू चहा कशाचा पेली?"

बयनाबाईनं चष्मा नीट करून फुल्या पुन्हा पाहिल्या. चहा तर रोज मिळाला होता, आणि तोही न मागता. यंदाचं नवलच ते. वर्षभर भांडी आपटणारी सून, सुनयना, नाताळाआधीचा आगमनकाळ लागल्यापासून लोण्यासारखी मऊ झाली होती. अंघोळीला कढत पाणी, दुधात कुसकरलेली भाकर, तोंडातून वावगा शब्द नाही. नाताळाच्या तोंडावर देवानं हिला सुबुद्धी दिली, असं बयनाबाई बोथच्या चर्चमधल्या बायकांना सांगत सुटली होती. भैंसा गावी दिलेल्या लेकीनं, पूनमनं, तिच्यासाठी मागची खोली रिकामी ठेवली होती. तिलाही फोन केला, "खोली ठेवू नको. सून जीव लावून राह्यली. आता मी इथंच मरन."

उत्तमराव दूध घालून गेला. बयनाबाईनं सुनेला हाक मारली. "या फुल्या कायच्या?"

सुनयना हात पुसत आली. खोटं बोलावं की नाही, हा घोळ तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"पास्टर बोलले होते ना, आत्याबाई. जो माणूस सहन होत नाही, त्याच्यावर नाताळपर्यंत सबर धरा. ज्या दिवशी धरता आली, त्या दिवशी फुली."

ते प्रवचन बयनाबाईनंही ऐकलं होतं, मान डोलावून. आपल्याला त्याची गरज नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिनं कोरे चौकोन पाहिले. नऊ तारीख. वरण अळणी म्हणून तिनं ताट सरकवलं होतं, आणि सुनेनं तेच ताट मोरीत आदळलं होतं. सोळा तारखेचंही आठवलं. उपासाला माणूस भाकर सोडतो, या बाईनं भांडण सोडलं होतं. जीव वगैरे कोणी लावला नव्हता.

दुपारी तिनं पूनमला फोन लावला.

"तूच नको म्हनली ना, माय," पूनम म्हणाली. "ती खोली म्या नणंदेले देल्ली. तिनं शिलाई मशीन मांडली तिथं. आता तिले कसं उठवू?"

"नको उठवू," बयनाबाई म्हणाली, "मी सहजच इचारलं."

चार वाजता सुनयनानं चहाचा कप तिच्यापुढे धरला, रोजच्यासारखा, दोन्ही हातांनी.

"आता काऊन?" बयनाबाई म्हणाली. "मले समजलं ना सारं."

"चोवीसपर्यंत हाये, आत्याबाई."

बयनाबाईनं कप घेतला. साखर तिला लागते तेवढीच होती. सुनयना भिंतीशी गेली आणि बावीसच्या चौकोनात फुली मारून आली.