कोंडाजीचा बेलर आणि रितेशचा

कोंडाजीच्या तोंडाला सकाळपासून कुणी लागेना. मुलाने, रितेशने, नवा बेलर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं पेंढा बांधायचं यंत्र, आणला होता, आणि म्हाताऱ्याचा सगळा जीव जुन्यात. पालीकडच्या त्या गावात भात झोडून झालं, की खाचरातल्या पेंढ्याच्या चौकोनी गाठी बांधायच्या त्या कोंडाजीनेच, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मग हट्टच धरला त्याने. अर्धं खाचर जुन्याने, अर्धं नव्याने, होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर!

रितेश कंपनीत पाळीवर गेलेला. ट्रॅक्टरवर त्याची बायको प्रणाली, आणि तिचा जीव टांगणीला लागलेला. सासऱ्याची खोड तिला ठाऊक होती ना! बेलरच्या तोंडात पेंढा अडकला, की तिने ट्रॅक्टरवरून यंत्र बंद करायचं, आणि ते बंद होतं न होतं तोच यांचा हात आत. जुनं धूड गंजकं, लगेच गप पडायचं. नव्याचं जड चाक मात्र बंद केल्यावरही मोकळं फिरत राही, आणि त्याच्यासोबत आतला पातं लावलेला दट्ट्याही पुढे-मागे होत राही. हे तिने सकाळीच सांगून पाहिलं. तर म्हणे, तू मला शिकवणार? तुझं लग्न व्हायच्या आधीपासून गाठी बांधतोय मी.

जुन्याच्या गाठी सैल निघाल्या, दोन तर उचलताच सुटल्या. बांधावरची माणसं हसली, ते कोंडाजीच्या जिव्हारी लागलं. नव्याच्या मात्र कशा घट्ट, एकसारख्या गाठी पडू लागल्या. कोंडाजी शेजारून चालत होता, काही खोट सापडते का बघत. ओलसर कोपऱ्यात ती सापडली. पेंढ्याचा बोळा तोंडात अडकला. प्रणालीने यंत्र बंद केलं आणि मागे वळून पाहिलं.

मेलं चाक फिरतच होतं. आणि म्हाताऱ्याने, याचंही नाक चोंदतंय बघा, असं बांधावरच्यांना ऐकवत बोळा धरला होता.

आता बंद करायला काही उरलंच नव्हतं. हाक मारावी, तर ऐकणारा माणूस असता तर सकाळीच ऐकलं असतं. तिने सीटवरून उडी टाकली. सणासुदीला पाया पडण्यापलीकडे सासऱ्याला कधी बोट न लावलेल्या त्या पोरीने त्याची कॉलर धरली आणि होती नव्हती ती ताकद लावून मागे खेचलं.

सगळ्या गावासमोर सुनेने कॉलर धरली! कोंडाजी गर्रकन वळला आणि त्याने तिच्यावर हात उगारला.

तेवढ्यात आत दट्ट्या आपटला. बाहेर लोंबणारा बोळ्याचा शेंडा कचकन तुटून त्याच्या पायाशी पडला. दट्ट्या पुन्हा एकदा आपटला, मग चाक थांबलं.

हात तसाच वर राहिला. कोंडाजीने त्याच्याकडे पाहिलं. पाचही बोटं जागेवर होती. प्रणालीने डोळे गच्च मिटले होते, थोबाडीत बसणार याची तिला खात्रीच होती. तिला ऐकू आलं ते तो पेंढ्यावर मटकन बसल्याचं.

सासू, काशी, पाण्याची बाटली घेऊन धावत आली. कोंडाजीच्या हातात ती ठरेना, निम्मं पाणी शर्टावर सांडलं. त्याने बायकोला बाजूला सारलं आणि सुनेकडे बाटली केली.

"तूच पाज गो," तो म्हणाला. "माझा हात काय ऐकत न्हाय."