बुचातले तीन गळ

माझे बाबा चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होते. विकतची वस्तू त्यांना अपमान वाटते. मासे धरायचं सामानही त्यांनी घरीच केलं: पुरुषभर उंच बांबू, शिवणाचा जाड दोरा, वजनाला एक नट आणि तरंगायला जुन्या चपलेचा तुकडा. गळ म्हणजे तापवून वाकवलेल्या टाचण्या. त्या तीन होत्या, एका बुचात टोचून ठेवलेल्या.

बुचाचा नियम माझा. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचा गेली होती आणि गिळणं जेमतेम राहिलं होतं. तळ्यातले बारके मासे उकडून, काटे काढून, कुस्करून दिले तरच दोन घास जायचे. बाकी काहीही दिलं की तोंड फिरवायची. घशात काही अडकलं तर तिला सांगता येणार नव्हतं. म्हणून बुचात तीन गळ दिसल्याशिवाय मी पातेलं चढवत नसे. बाबा दारातच बूच पुढे करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

गेल्या महिन्यात एकदा दोनच निघाले.

"तिसरा कुठाय? माशात की पाण्यात?"

"पाण्यात. बहुतेक."

"बहुतेक? तिच्या घशात बहुतेक चालेल का, बाबा?"

सगळे मासे मी कचऱ्यात टाकले. आई त्या दिवशी उपाशी राहिली. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून वर हेही ऐकवलं, "तुम्हाला आता काही जमत नाही. मोडून टाका तो बांबू." संध्याकाळी बाबांनी नवी टाचणी वाकवली.

मागच्या गुरुवारी त्यांनी तळहाताएवढे पाच मासे आणले. बूच पाहिलं, तीन होते. एरवी मी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपते. त्या दिवशी दुपारची पाळी होती, उशीर झाला होता, आणि तीन तर होतेच. चमच्यानेच कुस्करलं.

तिसऱ्या घासाला आईने डोळे मोठे केले आणि चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. मला वाटलं, गरम लागलं. मी फुंकर घातली आणि पुढचा घास भरवला.

डॉक्टरांनी काढून दाखवली ती वाकवलेली टाचणी होती, आमच्या दोऱ्याचा शेंडा अजून गाठीत. अन्ननलिका फाटली होती. तिसऱ्या दिवशी आई गेली.

घरी येऊन मी बूच घेतलं. दोन गळ पाण्याने गंजलेले. तिसरा नवाकोरा.

"हा कधी केलात?"

"तळ्यावरच," बाबा म्हणाले. "दोरा तुटला. खिशात टाचणी होती, पकड होती, लायटर होता."

"मला सांगितलं का नाहीत?"

"पाण्यातच पडला असं वाटलं गं." मग म्हणाले, "आणि तू ओरडली असतीस. ती पुन्हा उपाशी राहिली असती."

मला ओरडायचं होतं. त्यांच्यावर, चांगलं घर डोक्यावर घेऊन. तोंड उघडलं, पण आईने धरलेलं मनगट दुखत होतं आणि शब्द काही फुटेना. बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, रोज बूच पुढे करून उभे राहायचे तसेच.