बुजवलेला झरोका

साळूमावशीनं न्हाऊ घातलेलं पोर तीन तास उठत नाही, अशी सुप्याच्या त्या चाळीत तिची ख्याती होती. एमआयडीसीच्या रस्त्याला घरमालक कानिफनाथानं बांधलेल्या आठ खोल्या. तिथं जन्मलेलं एकूण एक लेकरू मावशीच्या पसरलेल्या पायांवर न्हालेलं. रुपालीला आई नव्हती, त्यामुळं बाळंतपणाला माहेरी जाण्याचा प्रश्नच आला नाही. मावशी शेजारच्या खोलीतून आपणहून आली, पदर खोचला आणि म्हणाली, मला बी लेक न्हाई, चल.

राजनंदिनी बावीस दिवसांची होती. रोज सकाळी अंगभर तेल, मग बाथरूममध्ये आधी लेकीचं न्हाणं, पाठोपाठ आईचं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मावशी दार लावून घ्यायची आणि दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबायची. भिंतीवरचा गॅस गिझर अर्धा-पाऊण तास फुरफुरत राहायचा. वाफेत मावशीचं तोंड दिसेनासं व्हायचं, फक्त तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. न्हाणं झालं की लेक अशी गाढ झोपायची की रुपाली तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, आणि मग आपल्याच वेडेपणाला हसायची. मावशीचं डोकं मात्र रोज ठणकायचं. ती कपाळाला फडकं आवळून चहा प्यायची आणि वयाला दोष द्यायची.

त्या बाथरूमला पूर्वी वरच्या अंगाला एक झरोका होता. दोन वर्षांमागं कानिफनाथानं वरचा मजला चढवला, कंपनीत शिकाऊ म्हणून आलेली पोरं तिथं ठेवली आणि बाहेरून लोखंडी जिना काढला. जिन्याच्या सातव्या पायरीवर माणसाचं तोंड नेमकं झरोक्याशी यायचं. पोरं त्या पायरीवर रेंगाळू लागली. बायांनी तक्रार केली, तसा दुसऱ्याच दिवशी गवंडी आला आणि विटा लावून हा झरोका, आणि त्याच्याबरोबर बाकीच्या सात खोल्यांचेही, लिंपून गेला. कानिफनाथ खूश, पोरं गप्प. बायांनाही बरं वाटलं, हेच रुपालीला पुढं सगळ्यात जास्त सलत राहिलं. त्यानंतर महिन्याभरात खोल्याखोल्यांत गिझर आले आणि चाळीच्या दारावरच्या पाटीत ‘गरम पाण्याची सोय’ एवढी भर पडली.

त्या बुधवारी गारठा जास्त होता. मावशीनं लेकीला पायांवर घेतलं, दोन तांबे घातले, आणि तिचं गुणगुणणं मध्येच थांबलं. रुपाली पाटावर बसून होती. तिला वाटलं, मावशी ओळ विसरली. मग तांब्या घरंगळला. मावशी भिंतीला टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिच्या पायांवरून लेक हळूहळू घसरत होती. रडत नव्हती. रुपाली उठायला गेली तर पाय तिचे राहिलेच नव्हते. गुडघ्यांवर सरपटत तिनं लेकीला छातीशी ओढलं, हातानं चाचपत कडी शोधली आणि दार ढकललं. लुगड्यात अडकून ते हललंच नाही. मग तिनं सगळा जीव खांद्यात आणला आणि दारासकट बाहेर पडली.

बाहेरची गार हवा, ज्या हवेला बावीस दिवस सगळे भीत होते, ती लेकीच्या उघड्या अंगावर आली. लेक निळसर, गपगार. रुपालीनं तिला हलवलं, तळपाय चोळले, नाव घेऊन हाका मारल्या. बऱ्याच वेळानं एक बारीक, चिडका सूर निघाला. आवाज ऐकून धावून आलेल्या बायांनी गिझर बंद करून मावशीला ओढून बाहेर काढलं.

दवाखान्यात तिघींनाही ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, बाथरूमला खिडकी आहे का. रुपालीनं नाही म्हणून मान हलवली. बाईंनी समजावून सांगितलं की जाळालाही हवा लागते; कोंडलेल्या जागेत ती पुरली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि विषारी वायू सोडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, पेंग येते, आणि माणसाला वाटतं, छान झोप आली.

छान झोप. रुपालीनं शेजारच्या खाटेकडं पाहिलं. मावशीनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि तिची पाठ हलत होती. इतकी वर्षं जिचं कौतुक झालं ती झोप, निदान या दोन वर्षांतली तरी, काय होती ते तिलाही कळलं होतं. रुपाली तशीच उठली, तिच्या उशाशी बसली आणि लेकीला तिच्या कुशीत ठेवलं.

तेव्हाच तिला मोनिका आठवली. चाळीतल्या टोकाच्या खोलीतली आधीची भाडेकरीण. गेल्या थंडीत न्हाताना चक्कर येऊन पडली, दोनदा. पोरीला फिट येते, लपवून लग्न लावलं, म्हणत सासरच्यांनी तिला माहेरी जामखेडला धाडलं, ती अजून तिथंच होती. चाळीनं ते ऐकलं आणि मान डोलावली. रुपालीनंही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघी घरी आल्यावर कानिफनाथ शहाळं घेऊन आला. खुर्चीत बसून म्हणाला की बाळंतपणाची कमजोरी असते, खारीक-खोबरं वाढवा. योगेश, रुपालीचा नवरा, मान खाली घालून ऐकत होता. तो कंपनीत भट्टीवर कामाला. टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासल्याशिवाय तिथं कुणी पाऊल टाकत नाही. सुरक्षा सप्ताहात त्याच्या घोषवाक्याला पहिलं बक्षीस मिळालेलं, त्या बक्षिसाचं घड्याळ आत्ता कानिफनाथाच्या डोक्यावर टिकटिकत होतं.

रुपालीनं झरोक्याचा विषय काढला, तसा कानिफनाथ हसला.

"सूनबाई, मी काय हौसेनं बुजवला व्हय? तुमी बायांनीच गाऱ्हानं घातलं हुतं, पोरं बघत्यात म्हनून."

"गाऱ्हाणं पोरांचं होतं, नाना," रुपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं योगेशनं दचकून वर पाहिलं. "पोरांना बोलायला तुम्हांला जड गेलं. भिंत काय, उलटून बोलत नाही. बघणारे मोकळे राहिले आणि माझ्या लेकीची हवा बंद झाली."

कानिफनाथ योगेशकडं वळला. सूनबाईला जरा आराम पडू द्या, असं काहीसं पुटपुटला. योगेश काय बोलतो याची रुपालीनं वाट पाहिली, घड्याळाचे पाच-सहा ठोके. मग ती उठली, पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली, छन्नी-हातोडी घेतली आणि बाथरूममध्ये स्टूल ठेवलं.

"सव्वा महिना झाला न्हाई आजून, पडशील," दारातून मावशी म्हणाली. पण अडवलं नाही तिनं. आत येऊन दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

पहिल्या घावाला नुसता पोपडा उडाला. दुसऱ्याला रुपालीच्या पोटातून कळ गेली. तिसरा घाव घालण्याआधी मागून योगेशनं तिच्या हातातली हातोडी घेतली.

"उतर. मीच घालायला हवा होता पहिला."

ती उतरली, पण त्याला शाबासकी दिली नाही.

वीट निखळली तेव्हा जिन्यावरून दोन पोरं वर चालली होती. सातव्या पायरीवर ती सवयीनं थबकली. योगेशला बाजूला सारून मावशी स्टुलावर चढली आणि भोकाला तोंड लावलं.

"काय बघायचंय रं? ये आत, तुला बी न्हाऊ घालते."

पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

आठवड्याभरात आठही खोल्यांचे झरोके मोकळे झाले, कारण बाकीच्या सात खोल्यांतल्या बाया कानिफनाथाच्या दारात जाऊन बसल्या. गिझर बाहेर गॅलरीत गेले, नुसती नळी आत आली. जिन्याला पत्र्याचा आडोसा लागला. तो दोन वर्षांमागंही लागू शकला असता. रुपालीनं मोनिकाला फोन करून गिझरचं सांगितलं. फिट नव्हती हे सासरी पटवायला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जाईन, असंही म्हणाली. मग मोनिकानं विचारलं, "माझी माफी कोण मागनार, ताई?" रुपालीनं मागितली. एकटीची पुरणार नव्हती, तरी मागितली.

मावशी पुन्हा न्हाऊ घालू लागली, झटपट, दार किलकिलं ठेवून. नंदिनी आता पाऊण तासात उठते आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा भोंगा पसरते. मावशी कुरकुरते, न्हाण्याचा गुण गेला म्हणते. रुपाली पोळ्या लाटता लाटता थांबते, तो भोंगा शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि मगच लेकीला उचलायला जाते.