सव्वाचार मीटर

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. त्याचे पेशंट बहुतेक म्हातारेच. त्यात पाणीपातळी केंद्रातला हा डेस्कटॉप तर पार खाटेला खिळलेला. केंद्र म्हणजे बाजाररस्त्यावरची एक खोली. तिथून नदी दिसत नसे. वरच्या धरणावरचं यंत्र पाण्याची उंची पाठवायचं, ती पडद्यावर उमटायची, आणि ऑपरेटर दर तासाला ती वहीत लिहायचा. आकडा सातवर गेला की भिंतीवरचं भोंग्याचं बटण दाबायचं. खालच्या काठावरची माणसं त्या भोंग्याच्या भरवशावर निर्धास्त झोपत. डॉक्टरची धाकटी बहीणही तिथंच राहायची, दोन मुलींना घेऊन.

“महिन्याचा अहवाल काही केल्या वर जात नाही हो,” ऑपरेटर म्हणाला. “बाकी मशीन झकास. एकदम शहाण्यासारखं वागतंय.”

डॉक्टरने नेटवर्कची खिडकी उघडली. ती कोरी होती. जोडणी तुटली तर चिन्हावर लाल फुली येते, बंद केली तर चिन्ह करडं पडतं. इथं चिन्हच नव्हतं. मागे केबल घट्ट बसलेली होती, दिवाही लुकलुकत होता. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, तरी त्याला उगीचच कसंतरी झालं.

त्याने वही ओढून घेतली. सव्वाचार. सव्वाचार. पान उलटलं, तिथंही सव्वाचार.

“काका, नऊ दिवसांत पाणी बोटभरसुद्धा हललं नाही?”

“पडद्यावर दिसेल ते लिहायचं, असा नियम आहे. मनाचं लिहिलं तर साहेब माझी चामडी लोळवतील.”

“अहो, हा आकडा आत्ताचा नाहीये. शेवटचा जो आला, तोच धरून बसलाय.”

ऑपरेटरचा चेहरा उतरला. “मग ते तुमच्याच औषधाने झालं असेल. पडद्यावर ‘जोडणी तुटली’ असा सूचनेचा फुगा सारखा वर यायचा, म्हणून मी तुम्हाला फोन केला होता. तुम्हीच म्हणालात, मशीनमध्ये मागे चालणाऱ्या या या सेवा बंद करून टाका, कटकटही मिटेल आणि मशीनही हलकं होईल. मिटली की!”

तो फोन डॉक्टरला आठवला. जेवता जेवता त्याने नेहमीची पाठ असलेली यादी म्हणून दाखवली होती, समोर कुठलं मशीन आहे हे विचारायचीही तसदी न घेता. त्या यादीत चिन्हं दाखवणारी सेवा होती आणि जोडणीला पत्ता मिळवून देणारीही होती, जिच्याविना धरणाचा आकडा आत येतच नाही. फुगा खरं बोलत होता, आणि याने त्याचंच तोंड दाबलं होतं.

आता त्याची बोटं भराभर चालली. बंद सेवा एकेक करून चालू केल्या, मशीन पुन्हा सुरू केलं. ते म्हातारं आपल्या चालीनेच उठलं. डॉक्टर त्याला तोंडातल्या तोंडात शिव्या घालत राहिला. शेवटी कोऱ्या खिडकीत एक चिन्ह उमटलं.

पडद्यावरचा सव्वाचार पुसला गेला आणि तिथं पावणेआठ आलं. खाली मागच्या नोंदी उतरू लागल्या. पाण्याने सात ओलांडून चाळीस मिनिटं झाली होती.

“काठापर्यंत यायला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास,” ऑपरेटर म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराने दचकून भिंतीकडे धावला.

भोंगा वाजू लागला. एवढा मोठा आवाज, पण डॉक्टरला तो फार उशिरा आलेल्या माणसासारखा ओशाळवाणा वाटला. बहिणीने फोन उचलला.

“हा कसला रे भोंगा, दादा? चाचणी आहे का?”

“मुली कुठे आहेत?”

“नदीवर. चादरी धुवायला गेल्यात. मी मघाशी केंद्रात फोन करून विचारलं होतं ना. काही भीती नाही म्हणाले, म्हणून तर पाठवलं.”

“अगं, पळ!” तो ओरडला.

पण ती आधीच सुटली होती. फोनमधून फक्त तिच्या हाका येत होत्या. आधी थोरलीला, मग धाकटीला, मग पुन्हा थोरलीला.