सहा गाड्यांची पावणी

सहा स्पोर्ट्स गाड्या बाळगणारा आणि त्यांतली एकही चालवता न येणारा मनुष्य सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकच होता, आणि तो मी. जिल्हा नवा होता, तेव्हा स्पर्धा कमी असणार, असे कोणी म्हणेल. पण आम्ही रत्नागिरीत मोडत होतो तेव्हाही हा मान माझ्याकडेच होता.

गाड्या जमल्या त्या माझ्या अकलेने नव्हे, पोर्तुगीज गेले म्हणून. एकसष्टच्या अखेरीस गोवा मोकळा झाला आणि पणजीचे साहेब लोक घाईघाईने निघाले. माझे तेव्हा खनिज वाहणारे चार ट्रक होते, हातात पैसा खुळखुळत होता आणि कान पकडणारे वडीलधारे कोणी उरले नव्हते. एका साहेबाची उघड्या टपाची लाल एमजी मी जवळजवळ कौलांच्या भावात घेतली. तिच्याबरोबर तिची देखभाल करणारा इनासही आला. तो मूळचा आमच्याच बाजूचा, मालवणजवळच्या कट्टा गावालगतचा. पणजीत साहेबाच्या गॅरेजात पंधरा वर्षे राबलेला. गाडीचे मी पैसे मोजले, इनास आपणहून आला. या व्यवहारात खरी कमाई कुठली झाली ते कळायला मला चोवीस वर्षे लागली.

त्या पावसाळ्याच्या तोंडाला मी स्वतः गाडी चालवायला बसलो. देवळासमोरच्या उतारावर आल्यावर ब्रेक कुठला ते इनासला विचारावे असे मनात आले, तोवर गाडी मळ्यात उतरली होती. नांगरणी चालली होती, त्यामुळे बैल हाताशी होते, हीच काय ती सोय. बैलांनी गाडी ओढून काढली, मला इनासने काढले. नाचता येईना अंगण वाकडे, तसे मी पुढे महिनाभर रस्त्याला शिव्या देत होतो. स्टीअरिंगला मात्र पुन्हा हात लावला नाही.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी गाड्या वाढवत गेलो. एक मर्सिडिझ आली, एक जॅग्वार, एक ट्रायम्फ, एक लहानखुरी इटालियन. आणि शेवटी कुवेतहून परतलेल्या एका दर्यावर्द्याकडून अगदी नव्या घाटाची डॅटसन. सगळ्या दोनच आसनांच्या. एका आसनावर इनास, दुसऱ्यावर मी. डोळ्यांना गॉगल आणि गळ्यात रुमाल घालून मी असा बसायचो की जणू गाडी माझ्या इच्छाशक्तीवर चालली आहे. तांबड्या मातीच्या रस्त्याने जाऊन कट्ट्याच्या बाजारात उतरलो की भाजीवाली काशीबाई म्हणायची, “शेट, आधी त्वांड धुवन् येवा, मगे भाव इचारा.”

शहाऐंशी सालच्या गणपतीनंतर इनास एका सकाळी मांगरात माझ्यासमोर उभा राहिला. मांगर म्हणजे आमच्या काजूच्या बागेतली मोठी पडवी. सहाही गाड्या तिथेच असायच्या. इनास पासष्टीला आला होता. खाऱ्या हवेशी रोज झुंजून त्याने त्या गाड्या चकचकीत ठेवल्या होत्या.

“शेट, गुडघे गेले,” तो म्हणाला. “एक गाडी जमात. सहा आता माझ्यान जमाची नाय.”

किती साधी गोष्ट होती. पाच विकायच्या, एक ठेवायची. पण मला भय वाटले. इनास म्हातारा झाला, म्हणजे मीही झालो, हे एकदम अंगावर आले. आणि भय वाटले की मी मोठ्याने बोलतो, ही माझी लहानपणापासूनची खोड. तसाच उठून कट्ट्याच्या स्टँडवर बाबलीच्या हॉटेलात गेलो आणि पंधरावीस माणसांच्या देखत सांगून टाकले, “सहाच्या सहा विकतंय. एक जरी ठेवली तर मधूशेट म्हणान हाक मारू नकात.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी दोडामार्गला पोचली होती. आठवड्याने मी मुंबईच्या पेपरात लिलावाची जाहिरातही दिली, ‘संपूर्ण संग्रह’ असे ठळक अक्षरांत छापून. यालाच आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सरला ही माझी बायको. ती कट्ट्याच्या शाळेत तीस वर्षे शिकवून त्याच वर्षी निवृत्त झाली होती. एके दुपारी कोकमाची सोले वाळत घालता घालता तिने विचारले, “त्या लाल गाडयेत बसल्यावर कसा वाटता ओ?”

असला प्रश्न मला कोणी विचारला की माझी गाडी मात्र सुटते. मी अर्धा तास स्प्रिंगांविषयी, कार्बुरेटरविषयी आणि इंग्रज कारागिरीविषयी बोललो. उत्तर लांबलचक आणि चुकीचे देणाऱ्या विद्यार्थ्याचे ऐकावे तसे तिने ते शेवटपर्यंत ऐकले आणि सोलांची टोपली उचलून आत गेली.

लिलावाचा दिवस जवळ आला तसा माझा धीर सुटू लागला. बाकीच्या पाच गेल्या तर जावोत. पण लाल गाडी गेली तर मी कोण? काजू विकणारा एक म्हातारा, असे जिल्ह्यात शेकड्यांनी होते. ती गाडी मला हवी होती, आणि हवी आहे असे म्हणण्याची सोय मीच ठेवली नव्हती. शेवटी मी माझा मित्र हरिश्चंद्र याला गाठले. तो पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला, शब्दाचा पक्का. त्याने लाल गाडीवर स्वतःच्या नावाने बोली लावायची, पैसे माझे. महिनाभराने गावाचे तोंड थकले की गाडी गुपचूप माझ्याकडे.

“माझा नाव तरी बघ रे,” हरिश्चंद्र म्हणाला. “माका कसली कामा सांगतस?” पण तयार झाला.

आता लिलाव पुकारणार कोण? मुंबईहून माणूस आणायचा तर त्याची फी आणि त्याचा तोरा. आमच्या देवीच्या जत्रेत देवापुढे आलेल्या नारळांचा, केळीच्या घडांचा, कोंबड्यांचा जो लिलाव होतो, त्याला आम्ही पावणी म्हणतो, आणि ती पावणी वीस वर्षे बाबलीच करत होता. आवाज असा की नदीपलीकडचा माणूसही बोली लावून जाई. मी त्यालाच विचारले.

“करीन,” बाबली कपबशा विसळत म्हणाला. “पन माका देवळाचीच रीत येता, दुसरी येणा नाय. ती मधीच कोणी मोडूची नाय.”

“नाय मोडणत,” मी म्हणालो. रीत कुठली, एवढे विचारायला हवे होते. पण प्रश्न विचारणे हा माझा प्रांत कधीच नव्हता.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मांगरासमोर माणूस मावेना. शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या. पुढे म्हापशाचा जॉन बसला होता. त्याची किनाऱ्यावर दोन हॉटेले होती आणि गाड्या पाहुण्यांना मिरवायला हव्या होत्या. त्याच्या शेजारी मुंबईचे एक गृहस्थ, पांढऱ्या बुटांतले, जे प्रत्येक गाडीखाली वाकून बघत होते. बाबलीने आधी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणे घातले.

“बा देवी माउली, आज ह्या मधूशेटीन सहा गाडये पावणेक काढल्यान हत. जो घेयत तेका त्यो लाभांदे. आनी जो इकता, तेका अक्कल येवंदे.”

“होय म्हाराजा,” गाव एका आवाजात म्हणाला. इतक्या मनापासून म्हटलेले ‘होय म्हाराजा’ मी जत्रेतही ऐकले नव्हते.

बाबलीला फणस विकायची सवय. तो बॉनेटवर थापटी मारून कान देऊन ऐके आणि मग लोकांकडे वळे. जॅग्वारबद्दल तो म्हणाला, “ही दिसता लांब, पन बसतत दोनच. उरलली जागा वाऱ्याक.” माझी मान खाली गेली, पण असला खरे बोलणारा लिलाववाला मुंबईकरांनी कधी पाहिला नसावा, त्यांनी जॅग्वार घेतली, मर्सिडिझही घेतली. ट्रायम्फ, इटालियन आणि डॅटसन जॉनने नेल्या. प्रत्येक वेळी बाबली तीनदा पुकारून घेणाऱ्याच्या हातात नारळ आणि विडा ठेवी, की संपले.

मग लाल एमजी आली. इनास तिला चालवत आणत होता, आणि आवाजावरूनच कळत होते की रात्री त्याने तिच्यावर हात फिरवला आहे.

जॉनने वीस हजारांपासून सुरुवात केली. मुंबईकर पंचवीसवर गेले. हरिश्चंद्र खाकरला आणि खोटे बोलणाऱ्या खऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला, “अठ्ठावीस.” जॉनने खांदे उडवले. मुंबईकर विचारात पडले. मी मनातल्या मनात गाडी घरी आणलीसुद्धा.

“एकोणतीस,” मागून आवाज आला.

तो आवाज वर्गात पाढे म्हणवून घेणारा होता. सरला स्वयंपाकघराच्या बाजूने आली होती आणि पदराला हात पुसत खुर्च्यांच्या मागे उभी होती.

मी हरिश्चंद्राला डोळ्यांनी खुणावले, वर जा. त्याने दोन्ही हात मागे बांधले आणि आंब्याकडे बघू लागला. तेव्हा मला ती रीत आठवली. आमच्या देवीच्या पावणीत सहसा बायका बोली लावत नाहीत. पण एखाद्या सवाष्णीने लावली, तर तिच्या वर कोणी बोली चढवत नाही. देवीनेच मागितले असे धरतात. वर्षानुवर्षे कोणी मागितले नव्हते, म्हणून मी विसरलो होतो. गाव विसरले नव्हते.

“थर्टी,” मुंबईकर म्हणाले.

बाबलीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. “एकोणतीस एक वार...”

“बाबल्या,” मी पुढे झालो, “अरे, ही माझी बायल आसा.”

“मगे?” बाबली म्हणाला. “सवाष्ण नाय?”

लोक हसले. मी सरलाकडे वळलो आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणालो, “आपलीच गाडी आपणच कित्याक इकत घेतंस?”

“आपली कशी?” ती म्हणाली. ती रागावली नव्हती, म्हणून जास्त लागले. “चोवीस वर्सा मी येष्टीन फिरतंय. शाळेक, लग्नाक, म्हायराक. तुमी दोघे फुडे जावन् पोचलले, आनी मी मागसून. माझ्या फंडाचे पैसे आसत. माका एकदा बसाक होया.”

मी तिथेच उभा राहिलो. चोवीस वर्षे, सहा गाड्या, दोन आसने. इनासशिवाय गाडी चालत नव्हती, हे खरे. पण मी उतरू शकलो असतो, हे मला एकदाही सुचले नव्हते. माझी लाज वाटली मला. इतकी की गॉगल असता तर बरे झाले असते.

“तीन वार,” बाबली म्हणाला आणि त्याने नारळ सरलाच्या ओटीत घातला.

पैसे माझ्याच घरात येणार होते, गाडी माझ्याच मांगरात राहणार होती, हरिश्चंद्राचे खोटेही उघडे पडले नव्हते, आणि मधूशेट ही हाक शाबूत राहिली होती. एवढे सगळे मनासारखे होऊन हरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सरला गाडीपाशी गेली आणि नुसती उभी राहिली. मला आधी कळेना. मग कळले की दार उघडायची कडी आतल्या अंगाला असते, आणि ते तिला ठाऊक असायचे कारण नव्हते. मी जाऊन दार उघडले. ती पातळ सावरून बसली, मांडीवर नारळ धरला.

“मालवण धक्क्यापर्यंत जावया, इनास,” ती म्हणाली. “सावकाश नको.”

“आणि मी?” मी विचारले.

“तुमचा दुसऱ्या खेपेक बघूया.”

गाडी गेली. मुंबईकरांनी माझ्याकडून कागदांवर सह्या घेतल्या, जॉनने आपली माणसे बोलावून गाड्या बाहेर काढल्या, खुर्च्या शाळेत परत गेल्या. मी मांगराच्या पायरीवर बसून रस्त्याकडे कान लावून होतो. लग्नाच्या मांडवात आम्ही पुढे पोचल्यावर मी सरलाची अशी वाट कधी पाहिली होती का, ते आठवून बघितले. नव्हती पाहिली. जेवून घेतलेले असायचे.

दुपारी बाराच्या सुमाराला हॉर्न वाजला. सरलाचा अंबाडा सुटला होता, तोंडावर तांबडी धूळ बसली होती आणि ती एखाद्या पोरीसारखी हसत होती. मी उठलो, धोतर झटकले आणि गाडीकडे निघालो.

सरला उतरली, पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. कुंपणापाशी इनासची बायको आपोलिना उभी होती. चर्चमधून परतलेली, रविवारच्या झग्यात, हातात प्रार्थनेचे पुस्तक तसेच. नवऱ्याने चोवीस वर्षे चालवलेल्या गाड्यांकडे तीही कुंपणाबाहेरूनच बघत आली होती.

“आपोलिना,” सरला म्हणाली, “ये गो. आता तुझी पाळी.”

आपोलिनाने आधी इनासकडे पाहिले, मग माझ्याकडे. इनास स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. आपोलिना गाडीपाशी आली आणि थांबली.

मी पुढे होऊन दार उघडले. गाडीतले तेवढे एक काम मला एव्हाना चांगले जमू लागले होते.