अंगठ्यानं पुसलेले अंक

शेषरावांच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं दुपारी पांगली. शालू बापाच्या रिकाम्या बाजेवर बसून राहिली. ती अकोल्याच्या शाळेत शिकवायची. ते गेल्याची तार तिथं एक दिवस उशिरा पोचली. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आत्यानं पदराची गाठ सोडून काळ्या दोऱ्यातली ॲल्युमिनियमची कडी तिच्या हातावर ठेवली. "आगीत कशी जाऊ देऊ वं? मनगटावरून काढून घेतली."

पूर्णा नदीच्या डोहाकाठी मरून पडलेल्या एका बदकाच्या पायात ती शेषरावांना सापडली होती. परदेशी अक्षरं, खाली अंक. शालूनं वर्तमानपत्रात वाचलं होतं, की पाखरं कुठून कुठं जातात हे कळावं म्हणून तिकडं रशियातली अन्‌ इकडं आपली माणसं त्यांच्या पायात अशा कड्या घालतात, अन्‌ एकमेकांना कळवतात. तिनं बापाला सांगितलं. "धाडू मंग," म्हणत त्यांनी ती मनगटाला बांधली. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी ते डोहाकाठी बसत आणि अंगठ्यानं कडी घासत राहत. आता तिच्यावर अंक नव्हतेच; नुसता गुळगुळीतपणा होता.

अकोल्याला परतल्यावर शालूनं अशा कड्यांची नोंद ठेवणाऱ्या मुंबईच्या संस्थेला लिहिलं. उत्तर आलं: कडीच पाठवा. पुसलेले अंक तेजाबानं पुन्हा वर आणता येतात.

पुढच्या सुट्टीत ती गावी आली आणि आत्याला तसं म्हणाली.

"तेजाबात टाकतीन?" आत्याचा चुलीतला हात थांबला. "मंग भाऊचं घासणं?"

"थे जाईन."

"तुह्या बापाचं एवढंच तर उरलं. अन्‌ तू कावून धाडून राहिली? थ्या बदकाचं सुतक धरून बसलं हाय काय कोनी तिकडं?"

शालूला हसू आलं, ते ओठापर्यंत पोचलं नाही. "सुतक नाही आत्या. पण ज्यानं घातली, थो वाट पाहत असंन. हाय का गेलं, एवढं तरी त्याले..." ती थांबली. "मले एक दिवस तार नव्हती. थ्या दिवशी मी वर्गात पोरींले हसवत होतो."

आत्यानं जुन्या धोतराचा एक तुकडा फाडला, कडी त्यात ठेवली आणि चारी बाजूंनी शिवून टाकली. दोरा दातानं तोडला.

सकाळी दर्यापूरच्या पोस्टात शालूनं पाकीट खिडकीतून आत सरकवलं. कारकुनानं पत्ता वाचला, शिक्का उचलला.

"हळू," ती म्हणाली.

"फुटायची वस्तू हाय काय, बाई?"

"नाही."

त्यानं शिक्का मारला. मागं रांग होती. शालू बाजूला सरकली.